धोंड्याच्या महिन्यातलं धनुष्य

आमच्या ऑनलाइन गेममधल्या शेवटच्या राक्षसाला मामा जाड्या म्हणायचे. कंपनीने त्याला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं, पण ते नाव घेताघेताच मामांचा निम्मा दम जायचा. जाड्या म्हणजे दगडाचा एक डोंगर. त्याला हात होते, तोंड होतं, आणि त्या तोंडातून तो जमिनीवर आग ओतायचा. त्याला मारायला तासभर लागायचा आणि त्या तासात तेच ते चालायचं. तो हात आपटणार, आपण पळणार. तो आग ओतणार, आपण खांबामागे लपणार. आणि त्याच्या डोक्यावरची लाल पट्टी केसभर कमी होणार. ती संपली की जाड्या आडवा पडायचा, आपण हुश्श म्हणायचं, आणि तो पुन्हा उठायचा. पट्टी पुन्हा काठोकाठ भरलेली. ह्याला दुसरा टप्पा म्हणतात. तिसराही असतो.

ज्या लोकांनी हा राक्षस बनवला त्यांच्याबद्दल मला काडीचाही आदर नाही. लांबवलं की कठीण होतं, असा त्यांचा समज आहे. मी ज्या कॉलेजच्या ऑफिसात काम करते तिथे असे एक प्राचार्य होते. निरोप समारंभात ते बोलायला उठले की आलुबोंडे थंड व्हायचे. भाषणात नवीन काही नसे, फक्त लांबी असे, आणि शेवटी लोक टाळ्या वाजवत ते संपल्याच्या आनंदाने. जाड्या मेल्यावर आम्हाला होणारा आनंद नेमका त्याच जातीचा होता. त्याला कुणी पराक्रम म्हणू नये.

आणि एवढं करून बक्षीस काय, तर एक पेटी. लढणारे सहा आणि पेटीत वस्तू एक. ती कुणाला द्यायची हे टोळीच्या म्होरक्याने ठरवायचं. कंपनीने इथे सरळ हात झटकले होते. त्यांच्या डोळ्यांपुढे कुणीतरी शहाणा, तटस्थ म्होरक्या असणार. आमच्या टोळीचा म्होरक्या माझा मामा होता, आणि मामांनी उभी हयात नात्यातल्या लग्नांमध्ये मानपान सांभाळण्यात घालवली होती. कुणाला दुपट्टा, कुणाला टॉवेल-टोपी, कुणाला आधी कुंकू, हे त्यांना झोपेतही विचारलं तरी सांगता येई. न्याय म्हणजे मानपान, ह्यापलीकडे न्यायाची दुसरी काही व्याख्या असू शकते हे त्यांच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं.

मामांचं नागपूरला इतवारीत भांड्यांचं ठोक दुकान आहे. रविवारी ते बंद असतं. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या मामेभावाने, एका दिवाळीत त्यांना हा गेम शिकवला आणि मामा त्यात पडले ते पडलेच. मग त्यांनी जरीपटक्याच्या आपल्या एका सिंधी व्यापारी मित्राला ओढलं. मग मला. मी आईबरोबर राहते, लग्न केलेलं नाही, त्यामुळे माझ्या रविवारच्या दुपारी रिकाम्याच असतात असं सगळ्या नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलेलं आहे. मी हीलर झाले, म्हणजे बाकीच्यांना जिवंत ठेवणारी. हे काम कुणालाच नको असतं म्हणून ते मला मिळालं. पाचवे आमचे जावई, माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. सहावी जागा कुणातरी अनोळखी माणसाने भरायची. तो यायचा, आम्हाला हिंदीत दोन शिव्या द्यायचा आणि निघून जायचा.

बहीण कन्हानला दिली आहे. जावई तिथल्या एका कोळसा खाणीच्या ऑफिसात आहेत. आमचे वडील लवकर गेले, त्यामुळे बहिणीचं लग्न मामांनीच लावून दिलं. तेव्हापासून जावई म्हणजे मामांच्या डोक्यावरचा मुकुट. गेममध्ये पेटीतून पहिल्यांदा शिरस्त्राण निघालं, ते जावयांना गेलं. मग काळा घोडा निघाला, तोही जावयांना. "राहू द्या हो मामा, कशाले?" असं ते दर वेळी तोंडदेखलं म्हणायचे आणि मामांचं वाक्य पुरं व्हायच्या आत घोड्यावर बसलेले असायचे. त्यांचा योद्धा तलवारवाला. दिसायला असा की वाटावं, हा एकटाच जाड्याला खाऊन टाकील. खेळायला मात्र ठोंब्या. आग दिसली की सरळ तिच्यात जाऊन उभा राहायचा.

हे मला माहीत असण्याचं कारण असं की हीलरच्या पडद्यावर सगळ्यांच्या जिवाच्या हिरव्या पट्ट्या असतात. तुम्ही लढता, जाड्याकडे बघता. मी फक्त पट्ट्या बघते. कोण घाबरतो, कोण आळशी आहे, कोण उगाच पुढे पुढे करतो, हे सगळं मला त्या पट्ट्यांवरून कळतं. जावयांची पट्टी पहिल्या टप्प्यात घसरगुंडीवरून खाली येत असल्यासारखी यायची आणि मी ती वर ढकलत बसायची. मग पहिला टप्पा संपला की ते म्हणायचे, "एक मिनिट हं," आणि त्यांचा माइक बंद व्हायचा. आणि त्यानंतर ती पट्टी जागची हलायची नाही. योद्धा खांबामागे वेळेवर जायचा, वेळेवर बाहेर यायचा, जाड्याला आपल्या मागे असा फिरवायचा की बाकीच्यांना श्वास घ्यायला जागा मिळावी. मामा म्हणायचे, "जावईबापू गरम व्हायले येळ घेतात, पण गरम झाले का मंग पाहा!"

मी पाहतच होते. एका रविवारी माझ्या लक्षात आलं की दुसऱ्या टप्प्यापासून तो योद्धा कुठेही निघायच्या आधी जागच्या जागी एक उडी मारतो. काही कारण नाही, काही उपयोग नाही. एक उडी, मग चाल. आणि माझे हात की-बोर्डवर थांबलेच. लहानपणी आमच्याकडे टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता. त्यातला माणूस चालवायच्या आधी माझी बहीण त्याला एक फुकटची उडी मारायला लावायची. "त्याले विचारून घेतो ना मी, तयार हाय का म्हणून," असं म्हणायची. मी त्यावरून तिला इतकं चिडवलं होतं की ती उडी मी जन्मात विसरणार नाही.

सोमवारी ऑफिसातून तिला फोन लावला.

"काल तूच खेळून राहिली होती नं?"

"काहून? काही चुकलं काय?"

"चुकलं नाही म्हणूनच समजलं."

ती हसली. मग म्हणाली, "ताई, तासभर बसणं होत नाही वं यांच्यानं. भूक लागते, पाठ दुखते. दुसरा टप्पा लागला का मलेच बसवतात."

"मंग मामाले सांग ना. घोडा तुया, टोपी तुयी."

"नको वं! मामाच्या समोर यांची काय इज्जत राहीन? तू कोणाले बोलू नको. माझी शप्पत हाय तुले."

शप्पत घातली म्हणजे संपलं. पण तिला हवं होतं ते वेगळंच होतं, आणि ते तिने त्याच फोनवर सांगितलं. तिच्या मोबाइलवर तिची स्वतःची एक खेळाडू होती, धनुष्यवाली शिकारीण. पोरगी शाळेत गेली की ही दुपारी तिला घेऊन रानावनात फिरायची आणि फुटकळ लांडगे मारायची. तिला ती सहावी जागा हवी होती. तिने मामांना विचारलंही होतं. मामांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "पोरी, तुह्यापाशी ढंगाचं हत्यार नाही. जाड्याच्या पेटीत एक धनुष्य निघते म्हणतात. ते भेटलं का ये." आणि जावईही मोठ्या मनाने म्हणाले होते, "हो हो, ते निघालं का हिलेच देऊ." हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. बहिणीला त्या गेममध्ये घोडा नको होता, टोपी नको होती. तिला स्वतःच्या पायांनी त्या दगडाच्या गुहेत जायचं होतं, आणि तिथे जायचं तिकीट म्हणजे ते धनुष्य.

ते निघालं नेमकं धोंड्याच्या महिन्यात. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, अधिक महिना आला की आमच्यात लेक-जावयाला जेवायला बोलावतात, पुरणाचे धोंडे करतात, जावयाला अनारशांचं वाण देतात. ह्या वर्षी तो भर उन्हाळ्यात आला होता. नागपूरचा उन्हाळा म्हणजे दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं, आणि ज्याच्या त्याच्या घरी कूलर घरघरत असतो. कानाला हेडफोन लावला की सगळ्यांचे कूलर ऐकू यायचे. मामांच्या कूलरचा पंखा कुठेतरी घासायचा, त्यावरून मामा बोलायच्या आधीच कळायचं की मामा आले.

त्या दिवशी तिसऱ्या टप्प्यात आमची वाताहत झाली. अनोळखी भिडू आधी मेला आणि शिव्या देऊन गेला. मग मामेभाऊ, मग जरीपटक्याचे काका, मग मामा स्वतः. उरले मी आणि जावयांचा योद्धा. जाड्याची पट्टी अजून बोटभर बाकी. योद्धा एक उडी मारायचा, पळायचा, वळून एक घाव घालायचा, पुन्हा उडी, पुन्हा पळायचा. मी मागून त्याला सावरत होते. आम्ही दोघी एकही शब्द बोलत नव्हतो, तिचा माइक तर बंदच होता, पण लहानपणी एकाच रिमोटवरून भांडणाऱ्या आम्ही इतक्या वर्षांनी पहिल्यांदा एका बाजूने खेळत होतो आणि मला फार, फार बरं वाटत होतं. जाड्या पडला. उठला नाही.

"वा जावईबापू, वा!" मामा ओरडले. "एकट्यानं मारला!"

एकट्यानं. मी तिथे बहुधा हवा खायला आले होते.

पेटी उघडली आणि आतून ते सोनेरी धनुष्य वर आलं. मामेभावाने शिट्टी मारली. मी म्हटलं, "चला, ठरल्याप्रमाणं हे बहिणीचं."

"थांब वं," मामा म्हणाले. "धोंड्याचा महिना चालू हाय. ह्या महिन्यात निघालेली पहिली वस्तू. जावयाले सोडून दुसऱ्याले कशी द्यायची?"

मला आधी वाटलं ते गंमत करत आहेत. मामा मानपानाच्या बाबतीत गंमत करत नाहीत हे विसरायला नको होतं.

"मामा, तो तलवारवाला हाय. त्याच्यानं हे धनुष्य ओढल्याच जात नाही. नुसतं पाठीवर लटकवून फिरावं लागन. आन एकदा त्यानं घेतलं का त्याच्याशीच बांधल्या जाते. मंग कोणालेच देता येत नाही."

"जिसके काम का है उसको दो ना भाई," जरीपटक्याचे काका म्हणाले. एवढ्या लोकांत तेवढं एक शहाणं वाक्य.

"तुमच्यात नसन तसं. आमच्यात जावयाचा मान पहिले."

"बाबा, गेममध्ये कायचा मान?" मामेभाऊ म्हणाला.

"तू चूप बस. तुह्यं लग्न व्हायचं हाय अजून."

मी पुन्हा म्हटलं, "मामा, तुमीच तिले बोलले होते. धनुष्य भेटलं का ये म्हणून."

"अवं, जावयापाशी असलं काय आन पोरीपाशी असलं काय, घरातल्या घरातच हाय नं?"

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. सोन्याच्या बाबतीत, प्लॉटच्या बाबतीत, फटफटीच्या बाबतीत. घरातल्या घरातच आहे. ते घरात असतं हे खरं, पण कुणाच्या हातात असतं हे विचारलं की लोकांना खोकला येतो. आता एका गेममध्ये, जिथे कंपनीने स्वच्छ लिहून ठेवलं होतं की ही वस्तू दुसऱ्याला देता येणार नाही, तिथेही तेच वाक्य. मला इतका राग आला की मी शप्पत मोडायच्या बेतात होते. पण ती माझी शप्पत नव्हती, तिची होती.

"जावईबापू, घ्या!" मामांनी फर्मावलं आणि धनुष्य योद्ध्याच्या नावावर टाकलं.

आता योद्ध्याच्या पडद्यावर दोन बटणं आली असणार. घ्या आणि सोडा. जावयांचा माइक बंद होता. जावई आत पानावर बसले होते हे मला माहीत होतं, आणि त्या बटणांसमोर कोण बसलं होतं हेही मला माहीत होतं. तिने 'सोडा' दाबलं तर मामा विचारणार, जावईबापू, काहून सोडलं? मग बोलावं लागणार, आणि बोलली की आवाज तिचा. थोडा वेळ काहीच झालं नाही. फक्त कूलर घरघरत होते. मग योद्ध्याने जागच्या जागी एक उडी मारली, आणि धनुष्य त्याच्या पाठीवर जाऊन बसलं.

"पाहा," मामा गहिवरून म्हणाले. "एवढं करून एक शब्द बोलले नाही. याले म्हणतात संस्कार."

मी हेडफोन काढून ठेवला. स्वयंपाकघरात आई अनारशाचं पीठ मळत होती. मी तिला सगळं सांगितलं, शप्पत तेवढी सोडून. ती म्हणाली, "तुमचं ते खेळातलं जाऊ दे वं. येत्या रविवारी खरं वाण द्यायचं हाय जावयाले. खसखस कमी पडते काय पाह्य." मी डबा काढून पाहिला. खसखस भरपूर होती.

रविवारी बहीण पोरीला घेऊन सकाळच्याच बसने आली. जावई उन्हं उतरल्यावर गाडीवर येणार होते, कारण दुपारी जाड्या होता आणि पाठीवर सोनेरी धनुष्य लटकवून सगळ्यांसमोर मिरवायचं होतं. तिने त्यांच्यासाठी भाजी-पोळी करून, झाकून ठेवली होती. धनुष्याबद्दल मी विचारलं तर म्हणाली, "दिसते छान पाठीवर." मी कॉम्प्युटरपुढे बसले तेव्हा ती माझ्या बाजूला खाली आंब्यांची पाटी आणि पातेलं घेऊन बसली आणि आमरसासाठी आंबे पिळायला लागली.

पहिला टप्पा नेहमीसारखाच. जावई आगीत, मी मागे. मामा म्हणाले, "होऊ द्या गरम जावईबापूले." जाड्या पडला आणि उठला. आणि मग हेडफोनमध्ये तो आवाज आला, "एक मिनिट हं," आणि माइक बंद झाल्याची ती खट्ट.

मी बहिणीकडे पाहिलं. तिने पडद्याकडे पाहिलं. तिच्या कोपरापर्यंत रस ओघळत होता.

बायको माहेरी गेली आहे, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण इतके महिने ते जेवून परत यायचे तेव्हा जाड्या मेलेला असायचा आणि मामा त्यांचं कौतुक करत असायचे. योद्धा आपला आपण लढतो असंच त्यांना वाटायला लागलं असावं. भाजी आपली आपण होते, कपडे आपले आपण वाळतात, तसंच ते.

योद्धा गुहेच्या मधोमध उभा होता. पाठीवर सोनेरी धनुष्य, हातात तलवार, हालचाल शून्य. जाड्याने त्याच्या पायाखाली आग ओतली. मी त्याला सावरत राहिले, मनापासून सावरत राहिले, कारण ते माझं काम आहे आणि नंतर कुणी म्हणायला नको. पण आगीत उभं राहिलेल्या माणसाला किती सावरणार?

"जावईबापू, हला ना!" मामा ओरडत होते. "अहो खांबामागं! खांबामागं व्हा!"

योद्धा कोसळला. मग जाड्या बाकीच्यांकडे वळला आणि आम्ही एकामागून एक गेलो. मी शेवटी. पडदा काळा झाला.

"आज काहून मेला गा हा?" मामांचा आवाज रडकुंडीला आला होता. "दर खेपेले एकटा मारते. आज काय झालं त्याले?"

बहिणीने हात पदराला पुसले. ती उठली, माझ्या डोक्यावरून हेडफोन काढून तिने स्वतःच्या एका कानावर नीट बसवला आणि दुसरा कान माझ्यासाठी जरा सैल सोडला.

"मामा," ती म्हणाली, "आज मी माहेरी आली हाय."

मामांच्या कूलरचा पंखा घासत होता. जरीपटक्याचे काका "अच्छा…" म्हणाले. मामेभाऊ हसू दाबत होता ते ऐकू येत होतं. मामा मनातल्या मनात मागचे सगळे रविवार, टोपी, घोडा, धनुष्य, सगळं पुन्हा मांडून बघत असणार, आणि त्यांना त्यात मानपान कुठे बसवावा ते सापडत नसणार.

तेवढ्यात खट्ट झालं आणि जावयांचा माइक सुरू झाला. तोंडात घास होता.

"झालं काय?" त्यांनी विचारलं. "काय भेटलं आज?"